अर्ध्या तासाने बंद पडणारा कॉम्प्युटर

आमच्या घरात बिघडलेली वस्तू आधी माझ्याकडे येते आणि मग, गरज पडलीच तर, दुकानात जाते. लग्न होऊन लोणखेड्याला आले तेव्हा माहेरची शिलाई मशीन सोबत आणली होती. गेल्या बावीस वर्षांत ती मी किती वेळा उघडली आणि परत जोडली याची गणती नाही. तिच्यानंतर मिक्सर झाला, इस्त्री झाली, ओसरीवरचा टेबलफॅन झाला. मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. नवरा म्हणतो, "तुन्ही तारीफ कराले दुसरं कोणी लागत नही." बरोबर आहे. दुसरं कोणी करत नसेल तर बाईने काय वाट बघत बसायचं?

पण गेल्या वर्षी दसऱ्यानंतर जे झालं, ते सांगताना मात्र मला जरा जपून सांगावं लागतं. त्यात माझी शाबासकी आहे तशी माझी खोडही आहे.

माझे सासरे प्राथमिक शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी धडगावच्या वरच्या पाड्यांवर काढली. तिथे पहिल्या दिवशी वर्गात उभे राहिले तेव्हा मुलांना त्यांचं मराठी कळेना आणि त्यांना मुलांची पावरी बोली कळेना. पहिलीतली एक मुलगी सकाळपासून रडत होती. तिचं पोट दुखतंय एवढं समजायला नानांना दुपार उजाडली. त्या संध्याकाळी त्यांनी वहीत पहिला शब्द लिहिला. पुढे नोकरीभर लिहीत राहिले. पोट दुखतं, तहान लागली, आई मजुरीला गुजरातेत गेली, जोडीदार आज आला नाही, पाटी फुटली. लहान मुलं मास्तरांना जे जे सांगतात ते सगळं एका बाजूला पावरीत आणि समोर मराठीत. अशा चार जाड वह्या झाल्या.

गेल्या वर्षी धडगावकडचे एक केंद्रप्रमुख घरी आले होते, नानांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी वह्या पाहिल्या आणि म्हणाले, "गुरुजी, दिवाळीच्या सुट्टीनंतर नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. हे टाइप करून द्या, प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत देतो." नाना तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे. दुसऱ्या दिवसापासून ते कॉम्प्युटरसमोर बसले.

हा कॉम्प्युटर आमच्या मुलीचा. अकरावीला असताना तिच्यासाठी घेतला होता. आता ती पुण्याला शिकते आणि कॉम्प्युटर ओसरीत माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी असतो. नाना एका बोटाने टाइप करायचे. मी म्हटलं, मी करून देते. तर म्हणाले, माझं अक्षर तुला लागेल, पण पावरीचा उच्चार कुठे कसा लिहायचा ते मलाच ठरवावं लागतं. खरंच होतं. त्यांच्या वह्यांत असल्या खुणा होत्या की त्या वाचणारा माणूस जगात एकच. रोज दुपारी जेवून थोडं आडवं झालं की दोन-दोन तास ते बसायचे. शेजारी मी ब्लाउज नाहीतर पिको-फॉलचं काम घेऊन. त्यांचं एक बोट आणि माझी मशीन, असा आमचा ओसरीवरचा कारखाना.

नानांच्या उजव्या हाताला दोन वर्षांपासून थरथर आहे. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. नाना घाबरत नाहीत, पण त्यांना लाज वाटते. कपातला चहा सांडला की ते चहाकडे बघत नाहीत, कोणी पाहिलं का ते बघतात. थरथरीमुळे एक अक्षर दाबायला जावं तर चार उमटायची. मग ते शांतपणे तीन खोडायचे.

अडीच वह्या झाल्या होत्या. दसरा होऊन तीन-चार दिवस झाले असतील. दुपारी टाइप करता करता पडदा एकदम काळा झाला. पुन्हा सुरू केला, चालला. दुसऱ्या दिवशी आधी निळा पडदा आला, त्यावर तोंड पाडलेला एक चेहरा, खाली इंग्रजीत काहीतरी, आणि मग बंद. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या हातात तेव्हा लग्नाच्या ऑर्डरचा ब्लाउज होता, बाही उलटी लागली होती, डोकं तापलेलं. मान वर न करता मी म्हणाले, "नाना, कळा इतक्या जोरात दाबत जाऊ नका हो. नाजूक असतं ते."

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या दिवसापासून नाना बोट कळेवर ठेवायच्या आधी क्षणभर थांबू लागले. तरी कॉम्प्युटर बंद पडायचा तो पडलाच. आठवड्याभरात पाच वेळा झाल्यावर ते खुर्चीतून उठले. वह्या फडक्यात बांधल्या आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवल्या.

"मन्हा हातमा आते काही टिकत नही, माय," ते म्हणाले.

या माणसाला मी रागावलेलं पाहिलं होतं, आजारी पाहिलं होतं, पण असं माघार घेतलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि ते उठले म्हणजे काम संपलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. उरलेल्या दीड वहीतल्या खुणा दुसऱ्या कोणाला लागणार नव्हत्या.

नवऱ्याने शहाद्याच्या एका कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, सीपीयू घेऊन या, फॉरमॅट मारून देतो. काय होतंय, कधी होतंय, एक प्रश्न नाही. ताप बघण्याआधी सुई टोचणारा डॉक्टर असतो ना, तसला. मी फोन हातातून घेतला आणि म्हणाले, टाका सुटतो म्हणून आम्ही कापड फाडत नाही. नवरा हसला, "मंग तूच कर." त्याला ती थट्टा वाटली होती.

मी केलंच. सर्वांत आधी नानांचं सगळं काम पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि पेनड्राइव्ह माझ्या सुयांच्या डबीत ठेवला. मग मापाच्या वहीचं शेवटचं पान काढलं. शिलाई मशीन टाका सोडायला लागली की शिकाऊ बाई घाबरून एकदम सगळंच बदलते. सुई नवी, दोरा नवा, टेन्शनचा स्क्रू इकडून तिकडे. मशीन सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा रडगाणं. मला माझ्या आईने शिकवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायची, मग दुसरी. कॉम्प्युटरलाही हेच लागू होणार, असं मी धरून चालले. पानावर रकाने आखले. कधी सुरू केला, कधी बंद पडला, आज काय बदललं.

गल्लीतल्या लोकांचा निकाल आधीच लागलेला होता. लाईटचा प्रॉब्लेम. शेताकडच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे दिवे मंद होतात, तेव्हा संशय चुकीचा नव्हता. मी ओसरीवरचा बोर्ड सोडून स्वयंपाकघरातून लांब वायर आणली. बंद पडला. प्रिंटर काढून ठेवला. बंद पडला. मुलीने पुण्याहून फोनवर सांगितलं तसं व्हायरसची तपासणी लावली, एकही सापडला नाही, आणि तपासणी पुरी होताहोताच बंद पडला. तिन्ही वेळा मी वहीत वेळ लिहिली आणि तिन्ही वेळा त्या वेळेकडे पाहिलं नाही.

मग दोन दिवस एक विचित्रच गोष्ट झाली. कामातून सवड काढून मी स्वतः काहीबाही टाइप करून बघायला बसले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, गिऱ्हाईक आलं की बंद करून उठायचं. दोन दिवसांत एकदाही अडला नाही. नाना ओसरीच्या पायरीवरून बघत होते. "तुन्हा हातमा बरोबर चालस," एवढंच म्हणाले आणि आत गेले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, खरंच यांच्या हाताचं तर काही नसेल?

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि शेजारची बाई साडीला फॉल लावायला घेऊन आली. मी मशीनवर बसले ते बसलेच. फॉल लावून मान वर केली तर पडदा काळा. कळेला कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं! मी वही ओढली. अकरा वाजून दहा मिनिटांनी सुरू, पावणेबाराच्या आत बंद. मागच्या ओळी वाचल्या. प्रत्येक वेळी साधारण अर्धा तास, कधी पाच मिनिटं इकडे, कधी तिकडे. मी पंधरा मिनिटांत उठत होते म्हणून माझ्या हातात चालत होता. नाना दोन तास बसायचे म्हणून त्यांच्याच हातात बंद पडायचा. फरक हाताचा नव्हताच, बसण्याचा होता.

मी आनंदाने आत धावले आणि नानांना सांगितलं, कोणी हात लावला नसताना बंद पडला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मीच पहिले बिघाडी टाकेल शे ना, मंग आते कोणी बसो." आता नुसतं हाताची चूक नाही म्हणून भागणार नव्हतं. चूक कशाची, ते समोर ठेवावं लागणार होतं.

अर्धा तास म्हणजे काय, याचा विचार करत मी सहज सीपीयूच्या डब्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग डोक्यात उजेड पडला. मशीनची मोटारही अशीच तापते, आत काही अडकलं की. यात अडकलं तर काय अडकेल? मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, आत एक पंखा असतो, तो फिरतो का बघ. पण चालू असताना हात घालू नकोस, माझी शपथ." लेकीने आईला शपथ घालायची वेळ आली, तेव्हा माझा लौकिक तिच्यापर्यंत पोचलेला आहे हे समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा केळीत गेला होता आणि नाना शहाद्याला डोळ्यांचं औषध आणायला. मी डब्याचे दोन स्क्रू काढले, बाजूचं पत्र्याचं झाकण सरकवलं, हात मागे बांधले आणि पायाने बटण दाबलं. आतला पंखा जागच्या जागी दोनदा हिसकला आणि थांबला. फिरला नाही. मी ओरडलेच, "सापडला!" ऐकायला घरात कोणी नव्हतं, याचं तेव्हा वाईट वाटलं. थोड्याच वेळात बरं वाटायला लागलं.

कारण बटण बंद करून, पिन काढून, टॉर्च घेऊन वाकले तेव्हा पंख्याच्या आसाला गुंडाळलेला दोरा दिसला. मरून रंगाचा. चांगले सात-आठ वेढे, आवळून बसलेले, आणि त्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. तो मरून मी कुठेही ओळखला असता. एका साडीच्या फॉलसाठी आणलेलं रीळ, उरलेलं, हार ओवायला म्हणून मी बाजूला ठेवलेलं.

दसऱ्याला आमच्याकडे ज्यावर हात चालतो त्या सगळ्याची पूजा होते. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे, माझी मशीन, नानांची पेनं. नाना कॉम्प्युटरवर लिहीत होते म्हणून या वेळी मी त्यालाही पुजलं. हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा घसघशीत हार डब्याच्या डोक्यावर ठेवला. डब्याच्या डोक्यावर हवेसाठी भोकं असतात. दुसऱ्या दिवशी घाईघाईत हार ओढून काढला, तो कुठेतरी अडला, मी हिसका दिला आणि दोरा तुटला. तुटलेलं टोक आत राहिलं असणार आणि हळूहळू पंख्याने ओढून घेतलं असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लाईट झाली, व्हायरस झाला, म्हाताऱ्या माणसाचा हात झाला, आणि गुन्हेगार ओसरीत बसून ब्लाउज शिवत होती.

दोरा काढायचं काम मात्र मी असं केलं की बघणाऱ्याने बघत राहावं. बारीक कात्रीचं टोक, लोकर विणायची सुई आणि चिमटा. एकेक वेढा सोडवला, पंख्याच्या पात्याला ओरखडासुद्धा नाही. पाकळ्या वेचल्या, रंगाच्या कोरड्या ब्रशने सगळी धूळ झाडली, झाकण लावलं आणि सुरू केला. अर्धा तास झाला, तास झाला, तीन तास झाले. डबा थंडगार. त्या तीन तासांत मी किती वेळा एकटीच हसले असेन!

दुपारी दोघंही घरी आले. नवऱ्याने विचारलं, "काय व्हतं मंग?"

"धूळ होती," मी म्हणाले.

खोटं नव्हतं, धूळ होतीच. नवऱ्याने खरोखर तोंडभरून कौतुक केलं, आणि हा माणूस कौतुक करताना तेल घालणाऱ्यासारखा थेंब थेंब करतो हे लक्षात घ्या. त्याने शहाद्याच्या त्या कॉम्प्युटरवाल्याला मुद्दाम फोन करून सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की हिने कॉम्प्युटर उघडून दुरुस्त केला. एक जण बंद पडलेला रेडिओ घेऊन आला. मी तो दिवस अगदी मनापासून उपभोगला. मरून दोऱ्याचा गुंता मी सुयांच्या डबीत टाकला आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फडताळातून वह्या काढून कॉम्प्युटरपुढे ठेवल्या. नाना आले, पण त्यांच्या खुर्चीत बसले नाहीत. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले.

"तू टाइप कर, मी सांगस," ते म्हणाले. "मी हात लावसू तं पुन्हा बिघडी जाई. तू इतली मेहनत करी."

मी बसले. ते सांगत होते, मी टाइप करत होते. दोन्ही हात त्यांनी मांडीवर एकमेकांत अडकवून ठेवले होते, भरल्या घरात लहान मुलाला 'कशाला हात लावू नको' सांगितल्यावर ते बसतं तसे. पाचव्या-सहाव्या शब्दाला मी चुकले. त्यांनी उच्चार पुन्हा करून दाखवला. मी पुन्हा चुकले. त्यांचा उजवा हात आपोआप पुढे आला, बरोबर अक्षराच्या दिशेने, आणि कळेपासून वीतभर अंतरावर थांबला. थरथरत होता. त्यांनी तो मागे घेतला आणि डाव्या हाताखाली दाबून धरला.

मला ते बघवलं नाही. मी उठले, सुयांची डबी आणली, दोऱ्याचा गुंता काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. एकदोन पाकळ्या अजून त्यात अडकलेल्या होत्या.

"नाना, धूळ नव्हती. हे पंख्यात अडकलं होतं. दसऱ्याला मी हार घातला आणि मीच हिसकून काढला. माझ्या दोऱ्याने बंद पडत होता तो." एवढं बोलून थांबता आलं असतं, पण अर्धवट काढलेला दोरा मला कधीच सोसत नाही. "आणि कळा जोरात दाबू नका म्हणाले होते ना मी, तेही उगाच म्हणाले. तुमच्या दाबण्याने काही झालेलं नाही. एकदाही नाही."

नानांनी गुंता डोळ्यांजवळ नेला. उलटसुलट करून पाहिला.

"मंग मन्हा हातनी चूक नव्हती?"

"नव्हती नाना."

"काल का बरं नही सांगं?"

"लाज वाटली. लोक शाबास म्हणत होते."

मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी गुंता स्टुलाच्या कडेला ठेवला आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "शाळामा जो पोऱ्या सोताहून चूक सांगे," ते म्हणाले, "त्याले मी कधीच मारं नही." मग चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं ते अगदी जुन्या मास्तरांच्या नजरेने.

"ऊठ," ते म्हणाले. "मन्ही जागा शे ती."

मी उठले. आजवर कुठल्या खुर्चीतून उठताना मला इतका अभिमान वाटलेला नाही.